निनवे पडलं तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नहूमाच्या पुस्तकात देव निनवे शहराचा नाश करतो आणि शेवटी ती बातमी ऐकून लोक टाळ्या वाजवतात. योनाच्या पुस्तकात त्याच शहराला देव क्षमा करतो. मग हिब्रू शास्त्रातला देव आपल्या लोकांच्या शत्रूंवर सूड उगवणारा आहे असं समजायचं का? आणि मंडळीत काही जण शत्रूंच्या नाशाची स्तोत्रं माणसांची नावं घेऊन प्रार्थनेत म्हणतात, ते बरोबर आहे का?

मी बरीच वर्षं जुना करार शिकवतो आहे, होऊ घातलेल्या पाळकांना आणि मंडळीतल्या साध्या माणसांनाही. हा प्रश्न दर वर्गात कोणी ना कोणी विचारतंच, आणि बहुतेकदा वर्ग संपल्यावर, हळू आवाजात. म्हणून आधी उत्तर सांगतो. हिब्रू शास्त्रात देव शत्रूंचा न्याय करतो. तो भाग गाळून उरलेलं शास्त्र गोडगोड करून वाचणं मला मान्य नाही. पण तिथे शत्रू कोण, हे रक्तावरून ठरत नाही, कृत्यांवरून ठरतं. ज्या मापाने अश्शूर मोजला जातो त्याच मापाने इस्राएलही मोजला जातो, किंबहुना अधिक कडक. ही गोष्ट मनात पक्की नसेल तर नहूम वाचून माणूस बिघडू शकतो.

सुरुवात नहूमापासूनच करू. तीन अध्याय, सत्तेचाळीस वचनं, आणि सगळा रोख एका शहरावर. निनवे म्हणजे अश्शूरी साम्राज्याची राजधानी, आजच्या इराकमधल्या मोसूलजवळची. ही भाषा इतकी जळजळीत का, हे समजायला अश्शूर काय चीज होती ते पाहावं लागतं. सुदैवाने त्यासाठी केवळ इस्राएलाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. अश्शूरी राजांनीच आपली कृत्यं अभिमानाने दगडात कोरून ठेवली आहेत.

इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे इस्राएली लोकांच्या दक्षिणेकडच्या राज्यावर, चालून आला. त्याच्या स्वतःच्या लेखात तो सांगतो की त्याने यहूदाचा राजा हिज्कीया याची ४६ तटबंदीची नगरं घेतली, दोन लाखांवर माणसं बाहेर काढली आणि हिज्कीयाला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. आकडा फुगवलेला असेल, राजे फुगवतातच. पण त्या नगरांपैकी लाखीशचा पाडाव त्याने निनवेतल्या आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतला होता. एकोणिसाव्या शतकात लेअर्डने केलेल्या उत्खननात त्या शिळा मिळाल्या आणि आज त्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची छायाचित्रं मी वर्गात दाखवतो. तटाला भिडवलेला मातीचा उतार, त्यावरून वर चढणारी यंत्रं, खाली सुळांवर टोचलेली माणसं. एका ठिकाणी दोन कैद्यांना जमिनीवर ताणून त्यांची कातडी सोलली जाते आहे. शेजारून बैलगाड्या चालल्या आहेत, त्यांवर गाठोडी आणि गाठोड्यांवर बायकामुलं. या साऱ्याच्या पुढे सिंहासनावर बसलेला सन्हेरीब लूट मोजून घेतो आहे.

दुसरी एक शिळा त्याचा नातू अशुरबनिपाल याची. राजा बागेत मंचकावर रेलून पेय घेतो आहे, समोर राणी बसली आहे, सेवक वारा घालत आहेत, वादक वाजवत आहेत. डावीकडे झाडाच्या फांदीला एक मुंडकं टांगलेलं आहे, एलामचा राजा तेउम्मान याचं. मेजवानीत कोणाचंच त्याच्याकडे लक्ष नाही. मला वाटतं नहूम समजण्यासाठी दहा भाष्यं वाचण्यापेक्षा ती फांदी एकदा नीट पाहावी. ज्या राज्यात हे दृश्य राजाला शोभेचं वाटत होतं, त्या राज्याखाली शंभर वर्षं चिरडलेल्या एका छोट्या देशातला माणूस बोलतो आहे. सूळ आणि गाठोडी त्याच्याच पूर्वजांची होती.

आता नहूम काय म्हणतो ते बारकाईने पाहा. तिसऱ्या अध्यायात तो निनवेला विचारतो, तू नो-आमोनपेक्षा बरी आहेस का? नो-आमोन म्हणजे मिसरातलं (इजिप्तमधलं) थीब्ज, आजच्या लक्सॉरच्या जागी असलेलं. अशुरबनिपालच्या सैन्याने ते इ.स.पू. ६६३ च्या सुमारास लुटलं. नहूम त्याचं वर्णन करतो: तिथली तान्ही लेकरं चव्हाट्या-चव्हाट्यावर आपटली गेली, तिथल्या सरदारांवर चिठ्ठ्या टाकून त्यांना वाटून घेतलं, थोरामोठ्यांना बेड्या घातल्या. लक्षात घ्या, ही लेकरं मिसराची आहेत. इस्राएलाला चारशे वर्षं दास करून ठेवलं असं ज्या देशाबद्दल शास्त्र सांगतं, तो देश. यहूदाचा संदेष्टा त्या जुन्या छळकर्त्याच्या मुलांचा खून अश्शूरच्या खात्यावर मांडतो. आणि पुस्तकाचं शेवटचं वाक्य हा एक प्रश्न आहे: तुझी दुष्टाई अखंड ज्याच्यावर कोसळली नाही असा कोण आहे? टाळ्या वाजवणारे केवळ यहूदी नाहीत. 'तुझी बातमी ऐकणारे सगळे' असं तिथे म्हटलं आहे. ही साऱ्या प्रदेशाची फिर्याद आहे, आणि यहूदा त्या फिर्यादींपैकी एक.

निनवे पडलं इ.स.पू. ६१२ मध्ये. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबोपोलस्सर आणि मेदी राजा यांनी मिळून ते घेतलं. बाबेलच्या बखरीची मातीची वीट उपलब्ध आहे, तीत वेढ्याचे महिने नोंदवले आहेत. शहराच्या हल्झी दरवाज्यात १९८९-९० च्या उत्खननात त्या शेवटच्या लढाईत मेलेल्यांचे सापळे मिळाले, जिथे पडले तिथेच राहिलेले, आणि त्यांत लहान मुलंही होती. हे मी मुद्दाम सांगतो. न्यायाची भाषा वाचताना त्या दरवाज्यातलं मूल विसरलं की आपणही त्या मंचकावरच्या राजासारखे होतो. आणि ते मूल शास्त्र स्वतःच विसरू देत नाही. त्यासाठीच तर योनाचं पुस्तक आहे. त्याकडे वळण्याआधी आमोस पाहू, कारण मापाचा प्रश्न त्याच्याइतका स्पष्ट कोणी मांडलेला नाही.

आमोस तकोवाचा, यहूदातला, मेंढरं राखणारा आणि उंबरांची निगा करणारा. आठव्या शतकाच्या मध्यास तो उत्तरेच्या राज्यात, म्हणजे इस्राएलात, जाऊन बोलला, तेव्हा तिथे भरभराट होती. त्याच्या पहिल्या दोन अध्यायांची रचना ऐकणाऱ्याला हळूहळू घेरत जाते. आधी दिमिष्क (दमास्कस): त्यांनी गिलादाला लोखंडी मळणीयंत्रांखाली मळलं. मग गज्जा: त्यांनी गावंच्या गावं उचलून गुलाम म्हणून विकली. सोर, अदोम, अम्मोन. अम्मोन्यांनी हद्द वाढवण्यासाठी गरोदर बायकांची पोटं फाडली. ऐकणारा इस्राएली माना डोलावत असणार. सगळे शेजारी, सगळे वैरी, एकेकाचा नंबर लागतो आहे.

मग मवाब येतो, आणि इथे थांबावं. मवाबाचा गुन्हा काय? त्याने अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला. यात इस्राएल कुठेच नाही. एका वैऱ्याने दुसऱ्या वैऱ्याच्या मेलेल्या राजाची विटंबना केली, आणि इस्राएलाचा देव म्हणतो की हे मी सोडणार नाही. 'देव आमच्या बाजूने आमच्या शत्रूंना मारतो' एवढंच ज्याला या ग्रंथात दिसतं, त्याला हे एक वचन समजावून सांगता येत नाही. माझ्या मते जुन्या करारातल्या न्यायाची खरी गुरुकिल्ली या वचनात आहे, आणि उपासनेत ते क्वचितच वाचलं जातं.

त्यानंतर यहूदा, आणि शेवटी खुद्द इस्राएल, तेच शब्द वापरून: तीन अपराधांमुळे, नव्हे चार अपराधांमुळे, मी शिक्षा मागे घेणार नाही. इस्राएलावरचे आरोप सर्वांत लांब आहेत. नीतिमानाला रुप्यासाठी विकलं, गरिबाला जोडाभर वहाणांसाठी. बाप आणि मुलगा एकाच मुलीकडे जातात. गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीशेजारी लोळतात. आता यात सूळ नाहीत, कातडी सोलणं नाही. सावकारी आहे, कोर्टकचेरी आहे, मोलकरणीवर हात टाकणं आहे. आणि हे सारं मळणीयंत्राच्या आणि फाडलेल्या पोटांच्याच रांगेत बसवलं आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा हिशेब आमोस चालू देत नाही. पुढच्याच अध्यायात तो कारणही देतो: पृथ्वीवरच्या सर्व कुळांतून मी तुम्हालाच ओळखलं, म्हणून तुमच्या सर्व अन्यायांबद्दल तुम्हाला शासन करीन. निवड झाली म्हणजे सूट मिळाली असं नाही, जबाबदारी वाढली. नवव्या अध्यायात तर तो विचारतो, मी तुम्हाला मिसरातून आणलं तसं पलिष्ट्यांना कफतोरातून आणि अरामी लोकांना कीराहून आणलं नाही का?

हा धागा पुढच्या संदेष्ट्यांनी सोडलेला नाही. यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूर देवाच्या रागाची काठी आहे, इस्राएलाला मारायला उचललेली. आणि मग त्या काठीलाच जाब विचारला जातो, कारण ती उचलणाऱ्यावर गुरगुरू लागली, तिला वाटलं हे सारं माझ्याच बाहुबलाने झालं. हबक्कूकाला हा प्रकार पचत नाही. आमच्यापेक्षा दुष्ट माणसाने आम्हाला गिळावं आणि तू गप्प बसून पाहावंस, असं तो देवाला तोंडावर विचारतो. विचारणं पाप मानलेलं नाही, त्याचा प्रश्न शास्त्रातच ठेवला आहे. यिर्मया बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यालाच देवाचा सेवक म्हणतो, यरुशलेमेच्या लोकांनी त्याला देशद्रोही ठरवलं ते यामुळेच. शेवटी इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेचं मंदिर जाळलं, लोकांना बंदिवान करून नेलं, आणि विलापगीतात ओळ आली की प्रभू शत्रूसारखा झाला आहे, त्याने इस्राएलाला गिळलं आहे. देवाच्या शत्रूंच्या यादीत आपलं नाव लिहून ठेवणारा आणि तो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या जपून वाचणारा हा समाज आहे. सुडाचा ग्रंथ असा लिहिला जात नाही.

आता योना. निर्गमाच्या ३४ व्या अध्यायात देव मोशेसमोर आपली ओळख सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दयेचा सागर, पण अपराध्याला मुळीच निर्दोष न ठरवणारा. ही ओळख जुन्या करारात पुनःपुन्हा येते. नहूम पहिल्या अध्यायात तिचा दुसरा भाग उचलतो: परमेश्वर मंदक्रोध आहे, पण अपराध्याची गय करत नाही. निनवेला इशारा द्यायला देवाने पाठवलेला आणि आधी पळून गेलेला योना चौथ्या अध्यायात पहिला भाग उचलतो, आणि तोही तक्रार म्हणून: मला ठाऊकच होतं की तू कृपाळू आहेस, म्हणूनच मी पळालो! दोघांपुढे शहर तेच आणि देवाची ओळखही तीच. आणि दोन्ही पुस्तकं प्रश्नावर संपतात. नहूमाचा प्रश्न आपण पाहिला. योनातला प्रश्न देव विचारतो: ज्यांना उजव्याडाव्या हाताचा भेद कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसं, आणि पुष्कळ गुरंढोरं ज्या निनवेत आहेत, तिच्याबद्दल मला कळवळा येऊ नये काय?

यातला कोणता देव खरा, असं विचारू नका. निनवेने पश्चात्ताप केला तर काय, हे योना सांगतो. सूळ रोवतच राहिली तर काय, हे नहूम सांगतो. यिर्मयाच्या १८ व्या अध्यायात कुंभाराच्या घरी हेच तत्त्व म्हणून मांडलं आहे: एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असं मी म्हटलं आणि ते दुष्टपणापासून वळलं, तर मीही वळेन. न्यायाची घोषणा हा बहुधा इशारा असतो, आणि इशारा ऐकला जावा अशीच देवाची इच्छा असते. यहेज्केल तर देवाच्या तोंडी शपथच घालतो: दुष्टाच्या मरणात मला आनंद नाही.

सर्वांत कठीण जागा म्हणजे १३७ वं स्तोत्र. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे बंदिवान शेवटी म्हणतात, तुझी बालकं धरून खडकावर आपटणारा धन्य. याला मी कधीही मवाळ करत नाही. बालकं म्हणजे पापी विचार, असं एक रूपक जुन्या काळापासून सांगितलं जातं, मला ते पळवाट वाटतं. ज्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं आपटली गेली, तो बाप हे बोलतो आहे, आणि तो देवाला सांगतो आहे. त्याने हातात काही घेतलेलं नाही. त्या बंदिवानांपैकी ज्यांना आधीच्या लाटेत नेलं होतं, त्यांना यिर्मयाने पत्र लिहिलं होतं: घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. बाबेलच्या कल्याणासाठी! हे दोन्ही एकाच ग्रंथात आहे. आणि पुढे झालं काय? इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश (सायरस) याचं सैन्य बाबेलात जवळजवळ लढाईशिवाय शिरलं. साम्राज्य गेलं, बंदिवानांना परत जाण्याची मुभा मिळाली, पण बालकं आपटली गेली नाहीत. आक्रोश ऐकला गेला, त्यातली मागणी शब्दशः पुरवली गेली नाही. प्रार्थनेबद्दल मला यातून जे कळलं ते इतर कुठून कळलं नाही.

इस्राएलाने कनान देश घेताना केलेल्या युद्धांबद्दलही कोणीतरी विचारणारच, म्हणून थोडक्यात. 'सर्वांचा समूळ संहार' ही त्या काळच्या युद्धाची ठराविक बोली होती. मवाबाचा राजा मेशा याचा इ.स.पू. नवव्या शतकातला शिलालेख पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात तोही आपल्या कमोश देवासाठी नबो गावातल्या इस्राएली लोकांचा असाच संहार केल्याचं सांगतो आणि इस्राएल कायमचा नष्ट झाला म्हणतो. इस्राएल नष्ट झाला नव्हता. यहोशवाच्या पुस्तकात सर्व कनानी संपतात आणि शास्ते या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ते जागोजागी राहत असतात. हे समजल्याने त्या अध्यायांचा भार हलका होतो, नाहीसा होत नाही, आणि तो नाहीसा करायची घाई कोणी करू नये. मात्र शास्त्राने स्वतः घातलेली बंधनं तरी वाचावीत. अब्राहामाला सांगितलं जातं की कनानात राहणाऱ्या अमोऱ्यांच्या पापाचा घडा अजून भरलेला नाही, म्हणून थांब. अनुवाद नावाच्या पुस्तकात इस्राएलाला बजावलं आहे की तुझ्या नीतिमत्तेमुळे हा देश तुला मिळत नाही. लेवीयात सांगितलं आहे की तुम्हीही तसंच वागलात तर ही भूमी तुम्हालाही ओकून टाकील. आणि यरीहोच्या वेशीवर उपसलेल्या तलवारीनिशी उभ्या असलेल्या पुरुषाला यहोशवा विचारतो, तू आमच्या पक्षाचा की शत्रूंच्या? उत्तर येतं, नाही. मी परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती आहे.

यहुदी परंपरेने हे वाचन पुढे नेलं. तालमुद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात एक कथा आहे: मिसरी सैन्य समुद्रात बुडत असताना देवदूत गाऊ लागले, तेव्हा देवाने त्यांना थांबवलं. माझ्या हातची निर्मिती बुडते आहे आणि तुम्ही गाता? वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, भोजनात मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना प्याल्यातून द्राक्षारसाचे थेंब काढून टाकतात. शत्रू मेले म्हणून आपला आनंदाचा प्याला पूर्ण भरलेला असू नये, असा त्याचा अर्थ अनेक घरांत सांगतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजासाठी या भोजनाचा विधी १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापला गेला होता, म्हणजे ही सुटकेची कथा मराठी घरांतही दीडशे वर्षांपासून छापील रूपात वाचली जाते आहे.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. ही स्तोत्रं प्रार्थनेत म्हणावीत का? माझं म्हणणं, म्हणावीत, पण कोणी आणि कोणाविरुद्ध हे पाहून. माझ्या ओळखीच्या एका विधवा बाईची जमीन भाऊबंदांनी खोटे कागद करून सातबाऱ्यावरून उतरवून घेतली. तिला शेजारी सांगत होते, ताई, क्षमा करा, विसरा. मी तिला दहावं स्तोत्र वाचायला दिलं: हे परमेश्वरा, तू दूर का उभा राहतोस? त्यात दुर्जनाचा हात मोड अशी उघड विनवणी आहे. ती रोज मोठ्याने म्हणायची. मग म्हणाली, "आता रात्री झोप लागते, कारण त्यांचा हिशेब माझ्या उशाला नसतो." तिने दावाही लावला आणि तो चालवलाही. सूड देवाकडे सोपवणं म्हणजे न्याय मागणं सोडणं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरीकडे, एका मंडळीत पंच कमिटीच्या निवडणुकीवरून दोन गट पडले, तेव्हा एका गटाने उपासनेत ३५ वं स्तोत्र दुसऱ्या गटाकडे पाहत म्हटलेलं मी ऐकलं आहे. तिथे कोणी चिरडलेलं नव्हतं. खुर्चीचा प्रश्न होता. हा आजार जुना आहे. मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांमध्ये नहूमावरचं एक भाष्य मिळालं आहे, त्यात निनवेवरची वचनं त्या पंथाने आपल्याच यहुदी विरोधकांना लावली आहेत. साम्राज्याविरुद्धची फिर्याद भावांविरुद्ध वळवायला फार काळ लागत नाही.

तेव्हा तुमच्या मंडळीत नावं घेऊन जी प्रार्थना होते, तिच्याबद्दल पाळकांशी बोला. माणसाचं नाव देवासमोर एकांतात घ्यावं, तिथे मनातलं सारं विष ओतलं तरी चालेल. मंडळीसमोर घेतलेलं नाव बहुधा मंडळीला ऐकवण्यासाठी असतं. आणि उपासनेत नहूम वाचणार असाल तर त्याच दिवशी आमोसाचे पहिले दोन अध्याय वाचा, मध्ये न थांबता, इस्राएलावरचा भाग येईपर्यंत. वाचणाऱ्याला आधी सांगून ठेवा की दिमिष्काचं नाव ज्या सुरात घेईल त्याच सुरात इस्राएलाचंही घ्यावं.